अधांतरी गुडघा

“टेकला! मालनताई, तुमचा टेकला!”

लिगाडे सर ओरडले, तशी कार्यालयातल्या सगळ्या बायकांनी माना वळवून माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. टेकला होताच. पुढचा पाय वाकवायचा, मागची टाच उचलायची आणि मागचा गुडघा जमिनीला लागेल न लागेल इतका खाली नेऊन तिथंच अधांतरी धरायचा, असा तो पवित्रा. सरांनी प्रत्येकीच्या गुडघ्याखाली चिमूटभर हळद टाकून ठेवली होती. लग्नाचं कार्यालय ते, तिथं हळदीला काय तोटा! जिचा गुडघा टेकेल तिच्या पांढऱ्या पायजम्यावर पिवळा डाग, आणि तो डाग मिरवत भर बाजारातून घरी जायचं.

माझ्या शेजारी माझी धाकटी जाऊ, कुंदा. तिचा गुडघा हळदीच्या वर असा थांबला होता की खालून मुंगी निवांत गेली असती. कपाळावर घाम नाही, मांडीला कंप नाही. जणू काही ती देवापुढं वात लावायला वाकली होती आणि तेवढ्यात कुणी हाक मारली म्हणून थांबली होती.

“कुंदाताईंकडे बघा,” सर म्हणाले. “सगळ्यांनी बघा.”

सगळ्यांनी बघितलं. मीही बघितलं, आणि माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते पुढं कित्येक महिने थांबलं नाही.

ही गोष्ट बार्शीची, मी पस्तिशीत होते तेव्हाची. आमचं भांड्यांचं दुकान, वर राहतं घर. घरात सासूबाई, दोघे भाऊ, आम्ही दोघी जावा आणि पोरं. लिगाडे सर टेलिफोन ऑफिसात होते. तरुणपणी पुण्यात केन्पो, म्हणजे कराट्यासारखी मारामारीची विद्या, शिकले होते आणि बदली होऊन आमच्या गावात आल्यावर त्यांनी बायकांचा वर्ग काढला होता. लग्नाची तिथी नसेल त्या दिवशी सकाळी कार्यालयात वर्ग भरायचा. पोशाख बदलायला वधूपक्षाची खोली.

वर्गाला जायचं मी ठरवलं. हट्ट मी केला, नवऱ्याशी वाद मी घातला. सासूबाई शेवटी म्हणाल्या, “जा बाई, पन येकटी न्हाई जायाचं. धाकटीला घिऊन जा.” म्हणून कुंदा आली. माझं शेपूट म्हणून आली. पहिल्या दिवशी आम्ही तो पांढरा सदरा-पायजमा घालून घरातून निघालो तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, “दवाखान्यातल्या कंपौंडरावानी दिसता गं दोगी.” कुंदा खुदकन हसली होती. तेव्हा मलाही हसू आलं होतं. तेव्हा तिचा गुडघा कुणी पाहिला नव्हता ना!

हळदीच्या त्या सकाळी मी रागानं सरांना विचारलंच. “सर, मारामारीत माणूस उभा राहतो. असं अर्धवट बसून कोण मारतं?”

“चांगलं विचारलंत. या. घाला माझ्या डोक्यात.”

मी हात उगारून घातला. सर होते तिथं नव्हतेच. ते एकदम खाली गेले, माझा हात वरून वाऱ्यावर गेला, आणि त्यांची मूठ माझ्या पोटापाशी येऊन थांबली.

“बघितलंत? एक तर तुमचा मार चुकला. दुसरं, मी नुसता हात मारला नाही, खाली जाताना सगळ्या अंगाचं वजन त्या हातात आलं. आता तशाच उभ्या राहा.” ते तसेच खालच्या खाली सरकले आणि त्यांचा गुडघा माझ्या पोटरीच्या वरच्या बाजूला मागून नुसता टेकला. माझा पाय दुमडला आणि मी पाट मांडल्यासारखी खाली बसले. बायका फिदीफिदी हसल्या.

“आणि माणूस आडवा झाला की असं.” सरांनी मला आडवं व्हायला सांगितलं. ते माझ्या बाजूला खाली गेले. एक हात माझ्या मनगटावर, आणि गुडघा माझ्या बरगडीच्या वर, अधांतरी. सदऱ्यालासुद्धा लागला नव्हता, पण मला हलायची हिंमत होईना.

“आता सांगा, गुडघा का नाही टेकायचा?”

“गुडघे टेकले म्हणजे हरलो,” कुणीतरी मागून म्हणालं.

“ते आहेच. पण खरं कारण वेगळं. जमिनीवर टेकलेला गुडघा जमिनीचा झाला. मग उठायला वेळ, वळायला वेळ. अधांतरी गुडघा आपला असतो. कुठं टेकायचा, किती जोरानं टेकायचा, टेकायचाच की नाही, हे त्या क्षणाला आपण ठरवायचं. समोरच्याला ते कळत नाही. म्हणून तो हलत नाही.”

मग आम्हाला जोडीनं करायला सांगितलं. माझी जोडी अर्थातच कुंदाशी. तिनं मला आडवं केलं, खाली आली, आणि येताना तिच्या पायाचा अंगठा माझ्या दंडाला घासला. झालं! बाई तिथंच थांबल्या, माझ्या दंडाला हात लावला आणि तो हात स्वतःच्या कपाळाला लावला. “पाय लागला, अक्का.”

“अहो कुंदाताई!” सरांनी कपाळावर हात मारला. “अंगावर आलेला माणूस आहे तो! त्याच्या पाया पडता?”

“मोठ्या आहेत ओ सर. पाय लागला तर नमस्कार नको करायला?”

सगळं कार्यालय हसलं. पण सर हसले नाहीत. ती सवय मोडायची म्हणून ते हात धुऊन तिच्या मागं लागले. नमस्कार केला की पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा नमस्कार, पुन्हा पहिल्यापासून. कुंदाची ती खोड पावसाळ्यात कधीतरी सुटली ती सुटलीच. दिवाळीपर्यंत तिचा पाय मला कितीदा लागला असेल, तिनं हात म्हणून पुढं केला नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढं परीक्षेत सगळ्यांनी आधी सवयीलाच दोष दिला.

दिवाळीनंतर सरांची लातूरला बदली झाली. जाताना ते म्हणाले की वर्ग बंद पडू द्यायचा नाही. पुण्याहून परीक्षक येतील, ब्राऊन बेल्टची परीक्षा होईल. परीक्षेला बसण्याजोग्या दोघीच, मालनताई आणि कुंदाताई. जी सरस ठरेल तिनं वर्ग चालवायचा.

वर्ग मला हवा होता. किती हवा होता हे आज सांगूनही कुणाला पटायचं नाही. घरात मी मोठी सून होते खरी, पण मोठ्या सुनेला मिळतं काय? दळण संपलं की विचारतात मोठीला. पाहुण्याला मीठ कमी पडलं की बोलणी मोठीला. त्या कार्यालयात मात्र मी स्वतःच्या पायांवर चालत गेले होते. तिथं पुढं उभं राहायचं, मी हात वर केला की सगळ्या बायकांनी हात वर करायचे, वर्ग सुटताना सगळ्यांनी मला वाकून नमस्कार करायचा, हे चित्र मी पोळ्या लाटताना बघत बसायची. आणि त्या चित्रात दर वेळी कुंदा येऊन उभी राहायची, तिचा तो गुडघा घेऊन.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. ती पाणी भरायला वाकली तरी मला तिचे गुडघे दिसायचे. ती जिना चढायची तर पायांचा आवाज नाही. मी चढले की सासूबाई खालून विचारायच्या, “मोठी आली व्हय गं?” मी तिच्याशी बोलणं टाकलं. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं बोलणं बंद. भाजी पुढं सरकवायची, पण नाव घ्यायचं नाही. ती “अक्का, मीठ घालू का?” विचारायची, मी पोरीला सांगायची, “काकूला म्हणावं, घाल.” आम्ही वर्गाला जायचो तेही एक पुढं, एक मागं.

आणि दुपारी सगळे झोपले की मी कोठीचं दार लावून घ्यायची आणि गव्हाच्या पोत्याला धरून खाली जायची. उठायची, पुन्हा जायची. गुडघे करकर वाजायचे. पण परीक्षेचा दिवस येईपर्यंत माझ्या पायजम्यावरचा डाग बंद झाला होता.

परीक्षक कानिटकर सर हे बुटके, टकलू, चष्म्याआडून बघणारे गृहस्थ. मारामारी शिकवणारे वाटायचेच नाहीत, बँकेत पासबुक भरून देणारे वाटायचे. लग्नात नवरा-नवरी बसतात त्या स्टेजवर त्यांची खुर्ची मांडली होती. शेजारी लातूरहून खास आलेले लिगाडे सर. खाली सतरंजीवर वर्गातल्या बायका.

आधी माझी पाळी. कुंदानं हल्ला करायचा, मी परतवायचा. तिनं हात घातला. मी खाली गेले. हात वरून गेला, माझी मूठ तिच्या पोटापाशी पोचली, तिची टाच ओढून मी तिला पाडलं आणि तिच्या बरगडीवर गुडघा आणला. मांडी थरथरत होती, पण गुडघा टेकला नाही. मी उठून दोन पावलं मागं सरले, नजर तिच्यावरून न काढता. कानिटकर सरांनी मान हलवली. बरं होतं, असं ती मान म्हणत होती. छान होतं, असं नाही.

मग तिची पाळी. मी हात घातला. आणि खरं सांगते, ती खाली कधी गेली ते मला दिसलंच नाही. मला एवढंच कळलं की पाय वर आहेत आणि पाठ सतरंजीवर. ती माझ्या बाजूला आली. तिचा गुडघा माझ्या सदऱ्याच्या वर येऊन थांबला, अगदी तसाच, हळदीवर थांबायचा तसा. स्टेजवर कानिटकर सर खुर्चीत पुढं सरकले. मी खालून ते बघितलं. संपलं, मी म्हटलं. वर्ग गेला.

तेवढ्यात कुंदानं तो गुडघा सतरंजीवर टेकला, माझ्या खांद्याला हात लावला, डोळे मिटले आणि हात कपाळाला लावला. “पाय लागला, अक्का.”

बायकांत हसण्याची लाट उठली. लिगाडे सर उभेच राहिले.

“हे काय?” कानिटकर सर म्हणाले. “समोरचा माणूस अजून मोकळा आहे, आणि तुम्ही गुडघा टेकून डोळे मिटता? त्यानं काय करायचं, आशीर्वाद द्यायचा?”

“जुनी सवय आहे, सर,” लिगाडे सर काकुळतीनं म्हणाले. “जावा जावा आहेत.”

“सवय परीक्षेत दिसली म्हणजे बाई ती सवयच शिकल्या असं मी धरतो.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “वर्ग मालनताईंकडे द्या.”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. मी हसले असणार, कारण सगळे माझ्याकडे बघून हसत होते. पण माझं लक्ष वधूपक्षाच्या खोलीच्या दाराकडे होतं. कुंदा तिकडं गेली होती.

मी आत गेले आणि दार लावलं. ती आरशासमोर पोशाखाचा पट्टा सोडत होती. कित्येक महिन्यांनी मी तिच्याशी थेट बोलले.

“कुठं लागला गं तुझा पाय?”

“अं?”

“माझ्या अंगाला तुझा पाय कुठं लागला, ते दाखव.”

“लागला की, अक्का. खांद्याला.”

“खोटं बोलू नकोस. केससुद्धा लागला नाही तुझा मला.”

ती पट्ट्याची गाठ सोडवत राहिली. गाठ कधीच सुटली होती.

“का केलंस?”

“सवयीनं झालं.”

“पावसाळ्यात मोडली तुझी सवय. मी जोडीला होते. कुंदे, मला शेंडी लावू नकोस. का केलंस?”

तिनं पट्टा खुंटीला अडकवला आणि माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते असतं तर मला बरं वाटलं असतं.

“काय करू मी वर्ग घेऊन?” ती म्हणाली. “वर्ग सकाळी घंटाभर असतो. बाकी दिवसभर तर मला तुमच्याच घरात राहायचंय न्हवं? तुम्ही पोरीच्या तोंडानं मिठाचं सांगता. आत्ता ही गत, तर वर्ग मिळाल्यावर काय? मला न्हाई सोसायचं, अक्का. तुम्ही घ्या वर्ग. आणि बोला माझ्याशी.”

एखादीचं मन विरघळलं असतं. माझं तोंड कडू झालं. गुडघा तिचा चांगला, चाल तिची हलकी, सरांचं कौतुक तिला, सगळं मी बघून घेतलं होतं. पण मोठेपणा तेवढा माझा होता. मोठी जाऊ मी, द्यायचं मी आणि घ्यायचं तिनं. लग्न होऊन आली तेव्हा पहिली साडी मी दिली तिला, बाळंतपणात डिंकाचे लाडू मी दिले. आता तोही मोठेपणा ती घेऊन चालली होती, आणि उरलेला वर्ग माझ्या ओंजळीत टाकून! आयुष्यभर त्या वर्गापुढं उभं राहायचं आणि रोज पुढच्या ओळीत तिला बघायचं, जिनं तो मला दिला. इतका हेवा मला तिच्या गुडघ्याचासुद्धा वाटला नव्हता.

“पट्टा बांध,” मी म्हटलं.

“काय?”

“बांध पट्टा आणि चल बाहेर.”

“अक्का, नगं. झालं ते झालं.”

मी तिचं मनगट धरलं आणि तिला ओढतच बाहेर आणलं. कानिटकर सर स्टेजवर चहा पीत होते. बशी ओठाला होती.

“सर, तिचा पाय मला लागला नव्हता,” मी म्हटलं.

“मग नमस्कार कशाला केला?”

“मला वर्ग मिळावा म्हणून. ती धाकटी आहे माझी, आणि मला तिचं काही घ्यायचं नाही. परीक्षा पुन्हा घ्या.”

कानिटकर सरांनी लिगाडे सरांकडे बघितलं, मग कुंदाकडे. कुंदा खाली बघत होती. त्यांनी बशी खाली ठेवली. “घ्या,” म्हणाले.

सतरंजीवर आम्ही समोरासमोर उभ्या राहिलो. बायका आता हसत नव्हत्या. मी कुंदाच्या कानाशी जाऊन म्हटलं, “या वेळी मी काही सोडणार नाही. तूही सोडायचं नाही. सोडलंस तर मात्र जन्मात बोलणार नाही.”

“अक्का...”

“अक्का घरी.”

मी हात घातला तो असा घातला की लागला असता तर तिचा दात पडला असता. इतक्या महिन्यांचं सगळं त्या हातात होतं. तो वरून गेला आणि मी पडले. पण या वेळी पडता पडता मी तिची कॉलर धरली, दोन्ही हातांनी, आणि तिला खाली ओढायला लागले. हे परीक्षेत नसतं. परीक्षेत पडलेल्यानं पडून राहायचं असतं. तिचा गुडघा माझ्यावर अधांतरी होता आणि मी ओढत होते. तिचं तोंड माझ्या तोंडाशी आलं. ती मला विचारत होती, नुसत्या डोळ्यांनी. मी आणखी जोरानं ओढलं.

मग तिनं गुडघा सोडला.

सगळं वजन घेऊन तो माझ्या बरगडीवर आला. माझा श्वास गेला तो परत यायचं नाव घेईना. हात आपोआप सुटले. ती उठली, दोन पावलं मागं सरली आणि उभी राहिली. नजर माझ्यावर. नमस्कार नाही, “अक्का” नाही, काही नाही.

“हां,” कानिटकर सर म्हणाले. “यासाठी असतो तो.”

लिगाडे सरांनी मला बसतं केलं. मी श्वास शोधत होते आणि सतरंजीवरून तिच्याकडे बघत होते. पांढऱ्या पोशाखात, केस सुटलेले, छाती वरखाली होत असलेली. मला वाटलं, मी अशी कधी दिसले असते तर! हेवा होताच. पण त्यात ती आंबट चव नव्हती. तिचं होतं ते तिनं घेतलं होतं, माझ्याकडून ओरबाडून घेतलं होतं, आणि मी कुणाचं काही देणं लागत नव्हते.

घरी जाताना आम्ही बरोबर चाललो. मला वाकून चालावं लागत होतं, म्हणून तिनं माझा दंड धरला होता. मी सोडवून घेतला नाही. बाजारात लोक बघत होते.

घरी सासूबाईंनी मला पाटावर बसवलं, शेकायला गरम फडकं घेतलं आणि सदरा वर करून बघितलं. बरगडीवर बशीएवढा काळानिळा डाग उठला होता.

“अगं आई गं! कुनी हानलं हे?”

कुंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला. ती बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हटलं, “कुंदानं.”

सासूबाईंचा शेकाचा हात हवेतच थांबला. “धाकटीनं? तुला? आन् वर्ग कुनाला गावला?”

“तिलाच.”

“मग तू काय केलंस गं तितं, नुसता मार खाऊन आलीस?”

बोलताना बरगडीत कळ येत होती, पण मी पाठ ताठ केली. “तिची काय बिशाद होती मारायची,” मी म्हटलं. “मी सांगितलं म्हणून मारलं तिनं.”

सासूबाईंनी कुंदाकडे बघितलं. “व्हय गं? ही सांगती ते खरं हाय?”

कुंदानं माझ्याकडे बघितलं. मी मान वर करून बसले होते.

“व्हय,” ती म्हणाली. “अक्कांनी सांगितलं, म्हणून जमलं.”

“ऐकलंत?” मी सासूबाईंना म्हटलं. “आता शेका नीट.”